बारावं गाणं

१४ नोव्हेंबर २०२४
ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. महाळुंगच्या रस्त्याला काल मोकळं रान होतं, आज कोप्या. चुली पेटल्या. उद्यापासून गाळप.
दुकानात पहिलं गिऱ्हाईक वडवणीकडचा ट्रॅक्टरवाला. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह. "फुल करा. बेस पायजे. रडकी नगं."

१५ नोव्हेंबर
दुपारपर्यंत नुसते पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डं. जुलैत रिचार्ज महागलं तसं हे काम परत सुरू झालं. मधली काही वर्षं सगळे यूट्यूबवर. आता रात्रभर कारखान्याच्या लाइनीत उभं राहून डेटा जाळणं ड्रायव्हरला परवडत नाही.
धंदा कायद्यात बसत नाही, ठाऊक आहे. श्रीपुरात विचारायला कुणी येत नाही, एवढंच.

१७ नोव्हेंबर
यंदाही बारावं गाणं माझं. आधीची अकरा त्यांना हवी ती, नंतरचीही त्यांची. बारावं मी न सांगता टाकतो. ज्याचं नाव इकडं कुणी ऐकलं नाही, ज्याच्यामागं कंपनी नाही, अशा कुणाचं तरी.
बाराव्यालाच का? पहिलं टाकलं तर लगेच उडवतात. शेवटी टाकलं तर तिथवर पोचत नाहीत. गव्हाणीत नंबर लागेपर्यंत बारापर्यंत येतातच. तोवर रात्रीचे दोन वाजलेले असतात, बटण दाबायचा कंटाळा.

१८ नोव्हेंबर
आजच्या सगळ्या पेन ड्राइव्हना कडूबाई खरात. छत्रपती संभाजीनगरच्या. हातात एकतारी, गळा असा की फोनचा फुटका स्पीकरही सरळ होतो. वडील गायचे, त्यांच्याकडून आलेलं. दारोदार गाऊन पोट भरलं. मग कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं आणि ते फोनाफोनी महाराष्ट्रभर गेलं. कॅसेट नाही, कंपनी नाही.
आमच्या जिल्ह्याला असा गळा नवा नसावा. गाणारं शिंदे घराणं मूळ मंगळवेढ्याचं. प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेटी एके काळी इथं किराण्याच्या दुकानातही मिळायच्या. पण त्यांना कॅसेट तरी होती.

२० नोव्हेंबर
मतदान. दुपारनंतर दुकान उघडलं. बोटाची शाई ओली, गिऱ्हाइकाच्या टेम्पर्ड ग्लासला डाग.

२१ नोव्हेंबर
नातेपुत्याचा ड्रायव्हर. "ती एकतारीवाली बाई कोण? बेसच न्हाई तिच्यात." काढू का विचारलं. "ऱ्हाऊ द्या. आईच्या कार्डात पण टाका."

२२ नोव्हेंबर
पुण्याच्या मित्रानं इझी वॉन्डरलिंग्जची गाणी पाठवली. पुण्यातलाच बँड, गातात इंग्रजीत. हवेशीर. खिडकी उघडी टाकून ऐकावं असं. त्याच्या मते हे कुठंही चालेल. बघू. तीन पेन ड्राइव्हना टाकलं.

२५ नोव्हेंबर
निकाल आला. एकाला ऐकता ऐकता झोप लागली, मागच्या गाड्या पुढं गेल्या, नंबर हुकला. "काढा ते. तोट्याचं हाय." दुसऱ्यानं पोचूच दिलं नाही. तिसरा म्हणाला, भाषा कळत नाही पण सकाळी खाली गाडी घेऊन परत जाताना बरं वाटतं.
मित्राला तिसऱ्याचं तेवढं कळवलं.

२७ नोव्हेंबर
म्हातारा ट्रकवाला, बार्शीचा. अमर शेख मागितले. या दुकानात आजवर कुणी मागितले नव्हते. दोन जुनी ध्वनिमुद्रणं होती, खरखरीत. त्यानं काउंटरवरच लावायला लावली. "वडलांनी चौकात आयकलंय. माइक बंद पडला तरी गडी थांबला न्हाई म्हणायचे."
शेख बार्शीचेच, १९१६चा जन्म. कधीकाळी मोटारीवर क्लीनर होते, मग गिरणीत, मग शाहीर. १९६९ला अपघातात गेले. म्हाताऱ्यानं पैसे देताना बजावलं, "हे बाराव्याला टाकायचं न्हाई. पैल्याला." माझी युक्ती बार्शीपर्यंत पोचली की काय.

२८ नोव्हेंबर
बाराव्याला स्वदेशी. मुंबईच्या पोरांची टोळी, रॅपवाली. एमसी मवाली मराठीत बोलतो. २०१९चं 'द वारली रिव्होल्ट' टाकलं. आरेच्या जंगलात राहणारे प्रकाश भोईर त्यात गातात. त्याच वर्षी ऑक्टोबरात रातोरात आरेतली झाडं पाडली. याच टोळीतला तोडफोड गुजरातीत रॅप करायचा, २०२२ला वारला. चोविशीतला पोरगा.
भोईरांचा आवाज येतो तिथं मी अजून हातातलं काम थांबवतो.

१ डिसेंबर
संध्याकाळी एक पोरगं आलं. सोळा-सतराचं, धारूरकडचं. पाचटानं हात कापलेले, एका बोटाला चिंधी. काही घेतलं नाही. कव्हरं बघत राहिलं. गिऱ्हाईक कमी झाल्यावर म्हणालं, "दादा, डायवरच्या टेपावर जंगलाचं गाणं वाजतंय, ते तुमी टाकलंय का?"
हो म्हणालो.
"आसं आपल्या बोलण्यात चालतंय?"
त्याला १००आरबीएच ऐकवला. अमरावतीचा, वऱ्हाडी ठसक्यात रॅप करतो. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. पोरानं मान हलवली नाही, की पाय. डोळे मिटून उभं. संपल्यावर म्हणालं, "मपलं बी हाय एक." फोन काढला. फाइलीचं नाव 'नवीन रेकॉर्डिंग ७'. तेवढ्यात टोळीतून हाक आली. ब्लूटूथनं मला पाठवून पळालं.

३ डिसेंबर
मारकडवाडीत गावकऱ्यांचं बॅलेटवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरलं होतं, पोलिसांनी होऊ दिलं नाही. दुकानात दिवसभर तोच विषय. गाणी कुणी मागितली नाहीत.

४ डिसेंबर
रेकॉर्डिंग ७ ऐकलं. पुन्हा ऐकलं.
सुरुवातीची दोन मिनिटं टाकाऊ. 'ब्रो' तीनदा. गाडी, बंदूक, हिंदीतून उचललेला रुबाब. फुकटच्या ॲपमधला ठोका.
मग ॲपचा ठोका बंद पडतो. पडला का पाडला, कळत नाही. त्या जागी कोयता. खट, खट, मध्ये वाढं छाटल्याचा एक हलका आवाज, परत खट. त्यावर हा मोळ्या मोजतो. मोजता मोजता उचल मोजतो, बापाची, मग आजाची. टनाला २७३ रुपये. मुकादमाचं आडनाव सरळ घेतो. आणि मागं खोल कुठंतरी म्हातारी बाई ओवी म्हणतेय. पोर निजवत असावी. तिचा सूर याच्या तालाशी जुळत नाही आणि म्हणूनच अंगावर येतो.
चाळीस-पन्नास सेकंदांचा ऐवज. पण तेवढा माझ्याकडच्या साठ्यात दुसरा नाही.

५ डिसेंबर
पोराला गाठलं. टाकू का बाराव्याला? "टाका."
पहिली दोन मिनिटं कापू? विचार करून म्हणालं, "कापा. ते पैलं पैलं केल्यालं हाय."
नाव काय देऊ? "नाव नका देऊ. मुकादम हाय त्यात."
आणि मागं गाते ती? "आजी. तिला म्हाईत नाय."

६ डिसेंबर
आज लोकांनी आपणहून कडूबाई मागितल्या. नावानिशी.

९ डिसेंबर
"शेठ, ते सात नंबर कुणाचं हाय?" कुठलं सात नंबर? "बाराव्या नंबरचं." फाइलीचं नाव टेपच्या पट्टीवर येतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

१२ डिसेंबर
सात नंबर मागायला आता लोक येतात. टेंभुर्णीच्या पेट्रोल पंपावर एकानं दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हवरून घेतलं. कुणी म्हणतं गाणारा परभणीचा आहे, कुणी म्हणतं मेला. एकानं मला शपथेवर सांगितलं की हा शिनेमातला आहे.

१६ डिसेंबर
झाकीर हुसेन गेले. दुकानात दिवसभर तबला. कुणी 'बेस पायजे' म्हणालं नाही.

१९ डिसेंबर
पुण्याच्या मित्राला सात नंबर पाठवलं. त्याचा लगेच फोन. स्पॉटिफायवर टाक, यूट्यूबवर टाक, पोराला पैसे मिळतील.
हिशेब काढला. स्पॉटिफायवर वर्षभरात हजारदा ऐकलं गेल्याशिवाय त्या गाण्याला पैसा सुटत नाही, यंदापासूनचा नियम. यूट्यूबला हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तास. इथं लाइनीत रात्रीतून कितीदा वाजतं याची मोजदाद कुणाकडं आहे? टेपवर ऐकलेलं ऐकण्यात धरत नाहीत.
शिवाय खातं काढायचं तर नाव लागतं.

२३ डिसेंबर
कोपीवर गेलो, चार्जर द्यायच्या निमित्तानं. आजी बसली होती. शेकोटी, मांडीवर नातीचं पोर. सून आणि नातू फडात. जात्यावरच्या ओव्या येतात का विचारलं. हसली. "जातं कुठं ऱ्हायलंय आता? पोरं निजवायला म्हणती."
घरी येऊन पारी या संकेतस्थळावरच्या संग्रहातल्या ओव्या लावल्या. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून गोळा केलेल्या, एक लाखाच्या वर. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. ओवीखाली बाईचं नाव असतं, गाव असतं. माझ्याकडच्या हजारो फायलींत निम्म्यांना नुसते आकडे.

२७ डिसेंबर
पोरगं सकाळीच दारात. शटर अर्धं वर. "काढा दादा ते. मुकादमाच्या पुतण्यानं आयकलं."
इथून काढलं. बाहेरचं कसं काढणार? सात नंबर आता माझ्या हातात नाही. पोराला ते कळत होतं. तरी उभं राहिलं.
चहा पाजला. बोलणं नाही.

२८ डिसेंबर
ही म्हणाली, दुसऱ्याच्या लेकराला कशाला नादी लावता? उचल घेतलेली माणसं ती. उद्या मुकादमानं टोळी मोडली तर जेवायला घालणार का तुम्ही?
उत्तर दिलं नाही. जेवलो.

३० डिसेंबर
मुकादम आला. पांढरी गाडी, पांढरी टोपी. पुतण्या बाहेरच थांबला. खुर्ची दिली, बसला नाही. "ते सात नंबर लावा."
लावलं. काउंटरवरच्या लहान स्पीकरवर. त्यानं पूर्ण ऐकलं, आजीची ओवी संपेपर्यंत. आडनाव आलं तिथं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "रेट चुकलाय. २७३ कुठला? गेल्या जानेवारीत करार झाला, ३६६ झालाय. लोकं मला इचारतेत, बाकीचे कुठं गेले." पेन ड्राइव्ह पुढं केला. "गाडीत टाकून द्या."
कुणाचं पोरगं आहे, हे विचारलं नाही. म्हणजे ठाऊक असणार.

१ जानेवारी २०२५
रात्री झोप नाही. खुश होऊन गेला का दम देऊन?

४ जानेवारी
पोराला सगळं सांगितलं. घाबरायच्या आधी त्यानं बोटांवर ठेका धरला. दोनशे त्र्याहत्तर. तीनशे सहासष्ट. परत. परत. "बसत नाय दादा. ताल सुटतो."

९ जानेवारी
बाराव्याला अभंग रिपोस्ट. मुंबईची पोरं, अभंग गिटार-ड्रमवर. बोरगावचा माळकरी ड्रायव्हर, त्याला मुद्दाम दिलं. आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्यानं बोरगावच्या मुक्कामाला जाते, ट्रॅक्टर बाजूला लावून हा स्वतः दिंडीत चालतो. वाटलं, शिव्या घालेल.
म्हणाला, "पखवाज कमी हाय. बाकी पोरं भावानं म्हणत्यात." आणि दिंडीतल्या पोरांसाठी आणखी दोन मागून नेली.

१३ जानेवारी
भोगी. आजीनं पोराबरोबर बाजरीची भाकरी आणि भाजी पाठवली. चार्जरचे पैसे घेतले नव्हते म्हणून.

१८ जानेवारी
नवी मुंबईत कोल्डप्ले. तिकीट अडीच हजारापासून वर कितीही. पुण्याचा मित्र गेला. तिथून व्हिडिओ पाठवला, चाळीस सेकंद, नुसते हातपट्ट्यांचे दिवे.
मी त्याला गव्हाणीची लाइन पाठवली. ट्रॅक्टरांचेही दिवे बरे दिसतात.

२२ जानेवारी
अकलूजला कामाला गेलो होतो. बरोबर वडील. लावणी स्पर्धेची आठवण काढत बसले. १९९३ला सुरू झाली तेव्हा सायकलवर जायचे. कोण नाचली हे त्यांना आठवत नाही. मागं पेटीशेजारी बसून गाणारी एक आठवते, आवाजासकट. तिचं नाव? "पुकारलंच नाही." घोषणा नाचणारीच्या नावाची आणि पार्टीच्या नावाची व्हायची.
भूषण कोरगावकरांचं 'संगीत बारी' त्यांना वाचायला दिलंय. मोडनिंबचं नाव निघालं की उठून बसतात.

२ फेब्रुवारी
यंदा ऊस लवकर संपणार. फड विरळ झालेत. दोन टोळ्या परत गेल्या.

७ फेब्रुवारी
पोरगं आलं. चेहरा वेगळा. "दादा, बसलं."
तीनशे सहासष्ट बसवलं? "नाय. आयका."
कोयता तोच. मोळ्या त्याच. आजी तशीच मागं. २७३ येतं आणि गाणं एकदम थांबतं. मुकादमाचा आवाज. "चुकीचं हाय ते. तीनशे सहासष्ट झालाय." एक श्वासाची जागा. आणि कोयता पुन्हा सुरू, आधीपेक्षा जलद.
हे कसं मिळवलंस? "त्यांनीच बोलून दिलं. पुतण्याच्या फोनात. म्हणले, नीट आवाज येऊ दे."
मुकादमाला हे गाणं कळलंय का नाही, मला सांगता येत नाही. मला वाटतं, पुरतं कळलंय.
नाव काय द्यायचं? पोरानं माझ्या कीबोर्डवर एका बोटानं टाइप केलं. 'आजी, मी, मुकादम'.

८ फेब्रुवारी
आजीला ऐकवलंस का, विचारलं. "आयकवलं. म्हणली, ओवीतला एक सबुद चुकलाय मपला, परत घे."

१४ फेब्रुवारी
'छावा' लागला. सगळ्यांना त्याचीच गाणी हवीत.

१९ फेब्रुवारी
शिवजयंती. चौकात डीजे. गेल्या वर्षीचं 'तांबडी चामडी' दिवसभरात कितीदा वाजलं कोण जाणे. क्रेटेक्स आणि श्रेयस ही आपलीच दोन पोरं, ते गाणं थेट नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं. निघालं तेव्हा मी बाराव्याला टाकलं होतं, ड्रायव्हर म्हणाला, काय येड्यावाणी. आता तोच पहिल्याला मागतो. मला त्यातली गंमत संपलीय.
मिरवणुकीनंतर रात्री हलगीवाले चहाला थांबले होते. त्यांच्याकडे कुणी मोबाइल धरला नव्हता.

३ मार्च
हंगाम संपला, पट्टा पडला. कोप्या मोडताहेत. बांबू, ताडपत्री, कोंबड्या, सगळं एका ट्रकात.
पोरगं निरोप घ्यायला आलं. पुढच्या सालची उचल मिळाली का? "मिळाली. कमी." गाण्यामुळं? "यंदा समद्यास्नीच कमी." एवढं बोलून स्क्रीन गार्डचे पैसे मोजून ठेवले. राहू दे म्हणालो, ऐकलं नाही.
पुण्याच्या मित्राचा निरोप दिला, इंटरनेटवर टाकायचं का. म्हणालं, आजी परत ओवी नीट म्हणेल, मग टाकू.

६ मार्च
रस्त्याला नुसत्या चुलींच्या जागा. दुकानात माशा.

२१ मार्च
काही नाही. कव्हरं पुसली.

९ एप्रिल
व्हॉट्सॲपवर धारूरहून आवाज. "दादा, तुमी हे आयकलंय का?" खाली लिंक. त्यांच्याकडचा कुणी हलगीवाला, जत्रेत चित्रण केलेलं. पाहणारे ३८.
म्हणजे आता हा मला गाणी सुचवणार.

१० एप्रिल
ऐकलं. पहिली दोन मिनिटं फुकट, नुसता गोंगाट, कुणीतरी शिट्टी मारतंय, कॅमेरा लोकांच्या टाळक्यांवर. तिसऱ्या मिनिटाला बाकीचे थांबतात आणि हा एकटा. डाव्या हातातली काडी जवळजवळ स्थिर, उजव्या हाताची टिपरी दिसत नाही इतकी जलद. मधेच एक ठोका खातो, तिथं गर्दी ओरडते.
पोराला कळवलं, चांगला आहे. नाव विचारून घे, गाव पण. तासाभरात दोन्ही आलं.

११ एप्रिल
उद्या महाळुंगच्या वरातीचा पेन ड्राइव्ह द्यायचा आहे. नवरदेवाच्या भावाची यादी लांबलचक, सगळी ओळखीची. बाराव्याला धारूरचा हलगीवाला, फाइलीला पूर्ण नाव आणि गाव देऊन. आधीची दोन मिनिटं कापलीत. डीजेवाल्याला फोन करून सांगितलं, हे मधेच तोडू नको. तो म्हणाला, "बेस हाय का?"
आहे म्हणालो.